वाटीभर तांदळाचे वजन

तांदूळ दुकानातून वजनाने घरी येतो आणि घरात मापाने शिजतो. या दोन व्यवहारांच्या मधोमध एक डबा असतो, त्या डब्यात एक वाटी कायमची मुक्कामाला असते, आणि किलोग्रॅमचे वाटीत रूपांतर नेमके कोणत्या नियमाने होते हे त्या दोघांखेरीज कोणालाही ठाऊक नसते. पाच किलोंची पिशवी किती दिवस पुरेल या प्रश्नाला घरातील कर्ती बाई डब्याचे झाकणही न उघडता ‘पुढच्या एकादशीपर्यंत’ असे उत्तर देते आणि ते बहुधा बरोबर निघते; तोच प्रश्न कागदावर सोडवणाऱ्या पदवीधराचे उत्तर चार दिवसांनी चुकते, आणि चूक शोधता शोधता त्याच्या ध्यानात येते की वाटीसकट तांदूळ काट्यावर ठेवताना वाटीचे वजन वजा करायचे राहिले होते.

प्रश्न वरवर पाहता पाचवीच्या गणिताचा आहे. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो भरते, म्हणून एक लिटर तांदळाचेही काहीतरी ठरीव वजन असावे, अशी कोणाही सरळमार्गी माणसाची समजूत असते. तांदळाचा एकटा दाणा पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड असतो, म्हणूनच तो पातेल्यात तळाशी बसतो. परंतु दाणे मापात भरले की त्यांच्यामध्ये फटी राहतात आणि त्या फटींत हवा राहते, इतकी की भरलेल्या मापाचा सुमारे ४५ टक्के भाग निव्वळ हवेचा असतो. दाणे आणि त्यांच्यामधील हवा यांना एकत्र धरून काढलेल्या घनतेला ढोबळ घनता म्हणतात, आणि कच्च्या तांदळाच्या बाबतीत ती लिटरला साधारण ७५० ते ८५० ग्रॅम भरते. अमेरिकेतील आहारविषयक कोष्टकांत कपभर लांब दाण्याच्या तांदळाचे वजन १८५ ग्रॅम, मध्यम दाण्याचे १९५ ग्रॅम आणि आखूड दाण्याचे २०० ग्रॅम दिलेले असते. कप तोच असताना हा फरक का पडावा, याचे कारण दाण्याच्या बसण्यात आहे: बासमती आरक्षित डब्यातील प्रवाशासारखा आडवातिडवा पसरतो, तर आंबेमोहोर लोकलच्या चौथ्या सीटवरील गृहस्थासारखा मिळेल त्या फटीत अंग चोरून बसतो. त्यात डबा दोनदा ओट्यावर आपटला की सगळेच सरकून घेतात आणि मापात आणखी चमचाभर तांदूळ मावतो. म्हणजे वाटीभर तांदळाचे वजन तांदळावर, वाटीवर आणि ती भरणाऱ्याच्या त्या क्षणीच्या मनःस्थितीवर, अशा तीन गोष्टींवर अवलंबून असते.

यांपैकी वाटीचा विचार स्वतंत्रपणे करणे भाग आहे. मराठी घरात वाटी या एकाच नावाखाली आमटीची वाटी, तुपाची वाटी, श्रीखंडाची वाटी, पाहुण्यांची वाटी आणि कोणाच्या तरी बारशात आलेली, बुडाला नाव कोरलेली वाटी अशा किमान पाच जाती नांदतात, आणि त्यांची धारणशक्ती शंभर मिलिलिटरपासून दोनशे मिलिलिटरपर्यंत कुठेही असू शकते. डब्यातील वाटी यांपैकी कोणती, हे बहुधा योगायोगाने ठरलेले असते. संचातील बाकीच्या पाच हरवल्या आणि एक उरली, म्हणून ती डब्यात गेली. तरीही कमलाबाई ओगले यांच्या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या ‘रुचिरा’ने वाटी आणि चमचा हीच मापे वापरून मराठी घरांच्या अनेक पिढ्यांना स्वयंपाक शिकवला, आणि वाटीचे आकारमान ज्याच्या त्याच्या घरी वेगळे असूनही भात सर्वत्र शिजला. याचे रहस्य असे की पाककृतीतील वाटी हे माप नसून गुणोत्तर आहे. एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी, या वाक्यात वाटीच्या जागी बादली घातली तरी विधान जवळपास खरेच राहते. जोवर तांदूळ आणि पाणी एकाच भांड्याने मोजले जाते, तोवर त्या भांड्यात किती ग्रॅम मावतात हा प्रश्न उपस्थितच होत नाही. तांदूळ एका भांड्याने आणि पाणी दुसऱ्या भांड्याने मोजले, किंवा तांदूळ काट्यावर आणि पाणी अंदाजाने घेतले, की मात्र घरात पेज होते आणि त्या दिवशी ती ‘मुद्दामच केली’ असे सांगितले जाते.

आजच्या या गोंधळाचे खापर मेट्रिक पद्धतीवर फोडण्याची रीत आहे. ती अन्यायाची होय. मेट्रिकपूर्व महाराष्ट्रात धान्य मोजण्याची जी कोष्टके होती, त्यांत दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर आणि चार शेरांची एक पायली असा दुपटीचा सुरेख जिना होता, आणि इथवर कोणाचीच तक्रार नव्हती. परंतु शेर हे मापाचे नाव होते तसेच वजनाचेही होते. वजनी पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे ९३३ ग्रॅम; मापी शेर म्हणजे अमुक एका लाकडी वा धातूच्या भांड्यात जेवढे मावेल तेवढे. मापी शेरभर तांदूळ वजनी शेरभर भरेलच असे नव्हते, आणि मापी शेरभर पोहे तर त्याच्या जवळपासही जात नसत. वरच्या पायरीवर तर आणखी बहार होती. वजनी मण ४० शेरांचा. मापी मण मात्र बऱ्याच ठिकाणी १२ पायल्यांचा, म्हणजे ४८ शेरांचा, आणि काही ठिकाणी १६ पायल्यांचा. एवढे सर्व सांभाळून शिवाय पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी आणि औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, तोंडपाठ असणारी मंडळी आज वाटीचे ग्रॅम विचारणाऱ्यांकडे ज्या नजरेने पाहतात ती समजण्यासारखी आहे. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आली, १९५८ च्या ऑक्टोबरपासून ती टप्प्याटप्प्याने लागू झाली, आणि शेर दुकानातून हद्दपार होऊन म्हणींत राहायला गेला, जिथे त्याला सव्वाशेर भेटण्याची भीती तेवढी उरली.

मापाची खरी गंमत मात्र त्याच्या काठाच्या वर असते. धान्याने माप काठोकाठ भरल्यावर त्यावर जो शंकूच्या आकाराचा ढीग राहतो त्याला शीग म्हणतात. पाण्याला शीग नसते, दुधाला नसते. तांदळाला असते, आणि ती मापायची की पुसायची यावर या देशात किती शेजार तुटले असतील याची गणती करणे कठीण आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राने हा प्रश्न गांभीर्याने घेतला होता. धान्याचे माप वाळलेल्या टणक लाकडाचे करावे आणि त्यावरील शीग चतुर्थांशाची धरावी, किंवा शीग आतच सामावेल असे माप करावे, अशी त्यात तरतूद आहे. त्याच ग्रंथात द्रोण या मापाचे चार प्रकार दिले आहेत: राजाच्या वसुलीचा द्रोण २०० पलांचा, बाजारातील व्यवहाराचा साडेसत्याऐंशी अधिक शंभर, म्हणजे १८७½ पलांचा, नोकरांना शिधा देण्याचा १७५ पलांचा, आणि अंतःपुराला शिधा देण्याचा १६२½ पलांचा. घेताना मोठा आणि देताना लहान द्रोण वापरण्याचा हा प्रकार नंतरच्या काळात ‘मापात पाप’ या नावाने बदनाम झाला. मौर्यकालीन परिभाषेत त्याला अर्थव्यवस्थापन म्हणत असावेत. राण्यांच्या वाट्याला राजाच्या वसुलीपेक्षा जवळजवळ १९ टक्के कमी तांदूळ जात होता, हे अंतःपुरात कोणाच्या लक्षात आले होते किंवा कसे, याविषयी ग्रंथ मौन पाळतो. कौटिल्याने शिजल्यावर होणारी वाढही नोंदवली आहे, आणि ती साध्या व्रीहीला चौपट, तर उत्तम शालीला पाचपट अशी आहे. आजच्या कुकरमध्ये तांदूळ आकाराने तिपटीच्या आसपास थांबतो. दोन हजार वर्षांत दाणा आळशी झाला, की कोठारातील अधिकाऱ्याकडून पाचपट भाताचा हिशेब मागण्याची ती सोय होती, याचा निवाडा ज्याने त्याने आपल्या नोकरीच्या अनुभवावरून करावा.

शिगेचे गणित भास्कराचार्यांनी सोडवून ठेवले आहे. ११५० सालच्या ‘लीलावती’त राशिव्यवहार नावाचे एक प्रकरणच आहे, राशी म्हणजे जमिनीवर ओतलेला धान्याचा ढीग, आणि त्याचा परीघ दोरीने मोजून आत किती धान्य आहे हे काढण्याची रीत तिथे दिली आहे. जाड दाण्याच्या ढिगाची उंची परिघाच्या दशांश असते, बारीक दाण्याची एकादशांश आणि कुसळे असलेल्या धान्याची नवमांश, कारण कुसळे एकमेकांत अडकून ढीग उभा धरतात. हा हिशेब आजच्या भाषेत मांडला तर ढिगाचा उतार जाड धान्याला सुमारे ३२ अंश आणि कुसळांच्या धान्याला सुमारे ३५ अंश येतो. हाच नियम वाटीच्या काठावर लावला असता असे दिसते की जिची उंची आणि तोंडाची रुंदी सारखी आहे अशा उभट मापावर शीग मूळ मापाच्या दहा टक्क्यांच्या आसपास बसते, तर जिची उंची रुंदीच्या निम्मी आहे अशा पसरट मापावर ती वीस टक्क्यांवर जाते. तांदूळ उसना आणायला पसरट वाटी न्यावी आणि परत करायला उभट पेला न्यावा, हे तत्त्व पूर्वीच्या चाळींतून ‘लीलावती’ न वाचताही पाळले जात असे. धान्य मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायची जुनी रीत आहे. लाभ कोणाचा, हे शिगेवरून ठरत होते.

पाणी मोजण्याच्या लोकमान्य पद्धतीकडे आता वळणे उचित ठरेल. ही पद्धत बोटाची आहे: धुतलेल्या तांदळावर बोटाचे टोक टेकवावे आणि पाणी पहिल्या पेरापर्यंत, म्हणजे साधारण अडीच सेंटिमीटर, वर येऊ द्यावे. तांदूळ किती आहे, पातेले किती रुंद आहे, याची कोणतीही चौकशी ही पद्धत करीत नाही, आणि तरीही तिच्यावर अर्ध्या आशिया खंडाचा भात शिजतो. पंधरा सेंटिमीटर रुंदीच्या पातेल्यात पेरभर पाणी म्हणजे सुमारे ४४० मिलिलिटर. त्यात तांदळाच्या फटींत शिरलेले पाणी मिळवायचे. दीडशे मिलिलिटरची वाटी धरली, तर तीन वाट्या तांदळाला या रीतीने सुमारे १.४ पट पाणी मिळते आणि भात मोकळा, काहीसा टणक होतो. दोन वाट्यांना १.९ पट मिळते आणि भात घरच्यासारखा होतो. परंतु एकाच वाटीला ३.४ पट पाणी मिळते, आणि जे तयार होते त्याला मेतकूट व तूप घालून आजाऱ्याला द्यावे लागते. म्हणजे पेराची पद्धत चार माणसांच्या कुटुंबासाठी निर्दोष आहे आणि एकट्या राहणाऱ्या माणसाला ती नियमितपणे रुग्णाईत ठरवते. शिवाय वाफेवाटे जाणारे पाणी भांड्यावर आणि आचेवर ठरते, तांदळावर फारसे नाही. म्हणून तांदूळ दहापट केला तरी पाणी दहापट करायचे नसते, हे लग्नाचा आचारी जाणतो आणि लग्नात मदतीला उभा राहिलेला उत्साही मेहुणा जाणत नाही. आचारी किलोची भाषा बोलतो, ‘किलोला दहा पाने’ असा त्याचा ठोकताळा असतो, आणि पाण्याच्या बाबतीत तो कोणतीच भाषा बोलत नाही, नुसता पाहतो.

तांदळाचे वयही या हिशेबात धरावे लागते. नवा तांदूळ कमी पाणी मागतो आणि चिकट होतो; जुना जास्त पाणी पितो आणि मोकळा फुलतो. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली बाहेर पडलेला इंद्रायणी, ज्याच्या अंगात आंबेमोहोराचा सुवास आणि आय.आर.-८ या वाणाचे उत्पन्न एकत्र आणण्याचा प्रयत्न आहे, तो मुळातच आसट व्हायला उत्सुक असतो, आणि त्याला कोलमचे पाणी घातले की वाढताना भात डावापासून सुटत नाही. कोकणातील उकडा तांदूळ याच्या अगदी उलट स्वभावाचा असून, त्याच्या पाण्याचा आणि वेळेचा हिशेब ज्यांना जन्मजात येत नाही त्यांनी तो घाटावर करून पाहू नये.

वजन आणि माप यांची खरी परीक्षा मात्र भातात नसून अनारशांत होते. तांदूळ तीन दिवस भिजत घालतात, रोज पाणी बदलतात, मग निथळून पंच्यावर सावलीत पसरतात आणि अर्धवट ओले असतानाच कुटून चाळतात. या पिठात गूळ किंवा पिठीसाखर मिसळून गोळे करून ठेवायचे, आणि नंतर खसखशीवर थापून तुपात सोडायचे. आता ‘किलोला पाऊण किलो गूळ’ असे जेव्हा कृती सांगते, तेव्हा किलो कशाचा? कोरड्या तांदळाचा, की भिजून पाणी प्यालेल्या तांदळाच्या पिठाचा? पीठ ओलसर असल्याने त्याच्या वजनात पाण्याचे वजन असते, आणि ते पाणी पंचा पंख्याखाली होता की खिडकीशी यावर ठरते. ‘वाटीला वाटी गूळ’ असे म्हणावे, तर चाळलेले पीठ वाटीत हलके बसते आणि दाबलेले पीठ जड, आणि किसलेला गूळ बोटाने चेपला की वाटीत दीडपट मावतो. गूळ जास्त झाला की अनारसा तुपात पडताच विरघळून जाळी होऊन पसरतो, याला अनारसा हसला असे म्हणतात. आणि तो हसला की कढईभोवती दुसरे कोणी हसत नाही. अशा वेळी पाककृती देणाऱ्या बाईचा उद्धार होतो, गुळाची जात निघते, दृष्ट लागल्याचाही संशय व्यक्त होतो, पण वाटी चेपून भरली की सैल, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. त्यामानाने नारळीभात आणि साखरभात हे सज्जन पदार्थ होत, कारण साखर आणि तांदूळ यांची ढोबळ घनता योगायोगाने इतकी जवळची आहे की वाटीला वाटी आणि किलोला किलो यांचा अर्थ जवळपास एकच होतो. ओल्या नारळाचा चव मात्र वाटीत तांदळाच्या निम्म्याहूनही कमी वजनाचा भरतो, त्यामुळे नारळ वजनाने घेणाऱ्याच्या नारळीभातात नारळ फार होतो, ज्याविषयी अद्याप कोणी तक्रार केल्याचे आढळत नाही.

परदेशी स्थायिक झालेल्या मराठी घरांत या विषयाला आंतरराष्ट्रीय परिमाण लाभते. विजेच्या राइस कुकरबरोबर प्लास्टिकचा जो पेला येतो तो अमेरिकन कप नव्हे. तो जपानी ‘गो’ या मापावरून आलेला असून त्यात १८० मिलिलिटर, म्हणजे सुमारे १५० ग्रॅम तांदूळ मावतो. अमेरिकन कप सुमारे २४० मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियातील २५० चा, आणि आईने फोनवर सांगितलेली वाटी कितीची हे आईलाही सांगता येत नाही. कुकरच्या आतल्या भांड्यावर पाण्याच्या ज्या रेघा आखलेल्या असतात त्या त्या प्लास्टिकच्या पेल्याला इमानदार असतात, आणि तो पेला पहिल्या वर्षीच हरवतो. पुढे तांदूळ अमेरिकन कपाने मोजला जातो, पाणी जपानी रेघेपर्यंत भरले जाते, भात तीन चतुर्थांशाहूनही कमी पाण्यात शिजून कच्चा राहतो, आणि दोष तिथल्या दुकानातील कोलमला दिला जातो.

ज्यांना एवढे वाचूनही आकडाच हवा असेल त्यांच्यासाठी तो असा: दीडशे मिलिलिटरची वाटी, बोटाने शीग पुसून सपाट भरली असता, बासमती सुमारे ११५ ग्रॅम, कोलम १२० आणि आंबेमोहोर किंवा इंद्रायणी १२५ ग्रॅम भरतो, तांदळाचे चाळलेले पीठ १०० ग्रॅमच्या आसपास आणि कुरमुरे जेमतेम १० ग्रॅम, म्हणूनच आठवडी बाजारात कुरमुरे आजही मापाने विकले जातात. वजनकाटा घरात जरूर असावा आणि दिवाळीच्या आधी तो माळ्यावरून काढावा. रोजच्या भाताला त्याची गरज नाही. मात्र एखाद्या घरचा मसालेभात आवडला आणि त्याची कृती लिहून घेण्याची वेळ आली, तर वाचकांनी ‘दोन वाट्या तांदूळ’ एवढेच टिपून उठू नये. यजमानीणबाईंच्या डब्यातील ती वाटी मागून घ्यावी, तीत काठोकाठ किती पाणी मावते ते मापावे, आणि तो आकडा कृतीच्या वर, पदार्थाच्या नावाशेजारी लिहून ठेवावा.